फॉस्टर केअरमधल्या मुलांसाठी कोर्टातली स्वयंसेवा (कासा) : माझा अनुभव आणि थोडी माहिती

सायलीवेल (डॅलसच्या उत्तरेला, टेक्सस)

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर मी ओघात लिहून गेले की मी इथल्या कोर्टात मुलांसाठी स्वयंसेवा करते. त्यावर चार-पाच जणींनी निरोप पाठवून विचारलं की हे नेमकं काय असतं, वकील असावं लागतं का, आपल्याला जमेल का. प्रत्येकीला वेगळं लिहिण्यापेक्षा धागाच काढते.

आधी एक सांगून ठेवते. मी कोर्टात शपथ घेतलेली आहे. त्यामुळे मुलं ओळखू येतील असं काहीही लिहिता येत नाही. खालच्या प्रसंगांतली वयं, गावं, घटनांचा क्रम मी बदललाय, आणि दोन प्रकरणांमधलं एकत्र केलंय. कृपया जास्त खोदून विचारू नका.

कासा म्हणजे कोर्ट अपॉइंटेड स्पेशल अ‍ॅडव्होकेट. नावात अ‍ॅडव्होकेट असलं तरी वकिलीशी संबंध नाही. घरात मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा गंभीर दुर्लक्ष झालं म्हणून सरकारने मूल ताब्यात घेतलं की त्याला बहुधा तात्पुरतं दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला ठेवतात (हेच फॉस्टर केअर), आणि ते प्रकरण न्यायाधीशांपुढे येतं. सरकारी खात्याचा वकील असतो, आईवडिलांचे वकील असतात, मुलाचाही वकील असतो. कासा हा या सगळ्यांबाहेरचा, पगार न घेणारा माणूस. त्याने मुलाला दर महिन्याला प्रत्यक्ष भेटायचं. शाळा, डॉक्टर, आई, आजी, फॉस्टर पालक, केसवर्कर (मुलाचं प्रकरण सांभाळणारी खात्याची कर्मचारी) सगळ्यांशी बोलायचं आणि न्यायाधीशांना लेखी कळवायचं की या मुलाच्या हिताचं काय आहे.

कल्पना सिएटलच्या एका न्यायाधीशांची, डेव्हिड सूकप यांची. मुलांच्या आयुष्याचे निर्णय अर्धवट माहितीवर घ्यावे लागतात म्हणून त्यांना झोप लागेना. त्यांनी काही लोकांना दुपारच्या डब्याला बोलावलं. थोडेच येतील असं वाटलं होतं, पन्नासेक लोक आले. १९७७ मध्ये काम सुरू झालं आणि पुढे देशभर पसरलं. २०२३ च्या सप्टेंबरअखेर अमेरिकेत सुमारे ३ लाख ४३ हजार मुलं फॉस्टर केअरमध्ये होती. त्यांतल्या सगळ्यांना कासा मिळत नाही. माणसं कमी पडतात.

मी २०१९ मध्ये शिरले. मुलगी कॉलेजला गेली होती, घर रिकामं झालं होतं. मुलाखत, बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी, मग तीस तासांचं प्रशिक्षण आणि शेवटी न्यायाधीशांसमोर शपथ. त्यानंतरही दर वर्षी बारा तास शिकावं लागतं. एका वेळी एकच प्रकरण घेतलं. महिन्याला साधारण दहा-पंधरा तास जातात, सुनावणीच्या महिन्यात जास्त.

आता मला खरं जे सांगायचं आहे ते.

माझं पहिलं प्रकरण दोन भावंडांचं. मोठा सात वर्षांचा, धाकटी तीनची. कारण 'दुर्लक्ष'. देशभरात निम्म्याहून जास्त मुलांच्या कागदांवर हेच कारण असतं, आणि हा शब्द फार मोठा आहे. त्यात नशा येते, आजारपण येतं, आणि नुसती गरिबीही येते. मी आईच्या अपार्टमेंटवर गेले. जागा स्वच्छ होती. तिने स्वतःहून फ्रीज उघडून दाखवला. आत अर्धा गॅलन दूध, टॉर्टियाचं पाकीट, लोणच्याची बाटली आणि अंडी होती, तीन. मी अहवालात लिहिलं : "घरात अन्नाची व्यवस्था अपुरी आहे. आईला मुलांच्या गरजांची पुरेशी जाणीव दिसत नाही."

आमचा अहवाल न्यायाधीशांकडे जाण्याआधी पर्यवेक्षक वाचते. माझी पर्यवेक्षक तेव्हा वीस वर्षं या कामात होती. तिने त्या दोन वाक्यांखाली रेघ मारली आणि विचारलं, "तारीख काय होती? या बाईचे फूडस्टँप्स कोणत्या तारखेला जमा होतात? आणि किती माणसांचे?"

मला माहीत नव्हतं. फूडस्टँप्स म्हणजे गरीब घरांना किराण्यासाठी दर महिन्याला मिळणारी सरकारी मदत. टेक्ससमध्ये प्रत्येक घराची जमा होण्याची तारीख वेगळी असते. तिची तारीख माझ्या भेटीच्या दुसऱ्या दिवशीची होती. आणि मुलं घरात नाहीत म्हटल्यावर त्यांच्या वाट्याची रक्कम आधीच थांबली होती. म्हणजे मी एका माणसाच्या शिध्याचा महिन्यातला शेवटचा दिवस बघितला आणि तो तीन माणसांच्या घराचा फ्रीज म्हणून लिहिला. त्यावर 'जाणीव दिसत नाही' हे शेपूट माझं स्वतःचं. आमच्या घरात दुधाची पिशवी संपायच्या आत दुसरी येते, हे माझं माप होतं. त्या मापाने मी एका आईला मोजलं. तो कागद तसाच पुढे गेला असता तर सुनावणीत तो वाचला गेला असता, आणि शपथेवरच्या माणसाने लिहिलेला म्हणून त्याला वजन आलं असतं.

मी वाक्य बदललं. काय होतं ते मोजून लिहिलं, तारीख लिहिली, फूडस्टँप्सचं लिहिलं. मुलं परतायच्या आधी रक्कम पूर्ववत व्हावी म्हणून काय करावं लागेल तेही लिहिलं.

तेव्हापासून माझ्या वहीत पान उभं दुमडलेलं असतं. डावीकडे पाहिलेलं, उजवीकडे वाटलेलं. अहवालात डावी बाजू जाते. उजवीकडचं जायचं असेल तर त्याला डावीकडचा आधार हवा.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देईन.

---

पाऊसवेडी (केरी, नॉर्थ कॅरोलायना)

फार छान लिहिलंय सायलीताई. फ्रीजचा प्रसंग वाचून थांबले. आमच्याकडे याला कासा म्हणत नाहीत, गार्डियन अ‍ॅड लायटम म्हणतात आणि कार्यक्रम राज्य सरकारच चालवतं. स्वयंसेवक आणि वकील जोडीने काम करतात असं वाचलंय.

दोन शंका. माझं इंग्रजी कामापुरतं आहे, उच्चार आपले देशी. कोर्टात त्याचा त्रास होतो का? आणि मी एच-४ वर (नवऱ्याच्या वर्क व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर) आहे, चालतं का?

---

सायलीवेल

पाऊसवेडी, उच्चारांचं अजिबात मनावर घेऊ नका. कोर्टात तुम्ही भाषण करत नाही, लेखी अहवाल देता. न्यायाधीश एखाद-दुसरा प्रश्न विचारतात, त्याचं सरळ उत्तर द्यायचं. माहीत नसेल तर "माहीत नाही, शोधून कळवते" म्हणायचं. आणि मुलं? माझ्या पहिल्या मुलाला माझं नाव म्हणता येत नव्हतं. त्याने मला तिसरंच नाव दिलं, मी ते घेतलं.

व्हिसाबद्दल : आमच्या कार्यक्रमाने नागरिकत्व विचारलं नाही. वय २१ पूर्ण, पार्श्वभूमीची तपासणी आणि ओळखीच्यांची शिफारसपत्रं एवढंच. काम पूर्ण विनामोबदला आहे. तरी तुमच्या कार्यक्रमाला पहिल्याच फोनमध्ये विचारा. मात्र एक बघा, प्रकरण संपेपर्यंत तुम्ही त्या गावात असाल का? मुलाच्या आयुष्यातून आधीच बरीच माणसं निघून गेलेली असतात.

---

कडुलिंब (न्यू जर्सी)

तुमच्या हेतूबद्दल शंका नाही, पण मला हा सगळा प्रकारच भीतीदायक वाटतो. नॉर्वेत २०११ मध्ये एका बंगाली कुटुंबाची मुलं सरकारने काढून नेली, ते प्रकरण आठवा. हाताने भरवलं, मूल आईवडिलांच्या पलंगावर झोपलं, असली कारणं दिली होती म्हणे. आपल्याकडे तर घरोघरी हेच चालतं. आमच्या ओळखीतल्या एका घरी शाळेच्या तक्रारीवरून केसवर्कर आली होती. मुलीच्या पाठीवर डाग होता, जन्मखूण. पुढे काही झालं नाही, पण त्या आईची वर्षभर झोप उडाली. अशा यंत्रणेला आपण हातभार का लावायचा?

---

सायलीवेल

कडुलिंब, त्या आईच्या जागी मी असते तर माझीही उडाली असती. तुमची भीती खरी आहे आणि ती मी खोडणार नाही.

दोन गोष्टी मात्र सांगते. मूल काढून घेण्यात कासाचा हात नसतो. आमची नेमणूक त्यानंतर होते. आणि नियम बदलतात, लोकांनी धरून बसलं तर. टेक्ससमध्ये २०२१ मध्ये कायद्यातली 'दुर्लक्ष' या शब्दाची व्याख्या बदलली. आता तात्काळ धोका दाखवावा लागतो, नुसत्या गरिबीवरून मूल काढता येत नाही.

हातभार का लावायचा, तर त्या खोलीत आपल्यासारखी माणसं असावीत म्हणून. हाताने भरवणं म्हणजे काय हे ठाऊक असलेलं कुणी तिथे असेल तर "आई मुलाला स्वतः खाऊ देत नाही" असं वाक्य लिहिलं जाण्याआधी कुणीतरी थांबवेल. माझ्या शेवटच्या प्रकरणात एक आजी नातीला मांडीवर घेऊन भरवत होती, पोर पाच वर्षांची. देखरेखीच्या भेटीची नोंद करणाऱ्या बाईंनी 'वयाला न शोभणारं' असं लिहिलं होतं. मी माझ्या अहवालात लिहिलं की मूल शांत होतं, चार महिन्यांत पहिल्यांदा तिने ताट संपवलं. दोन्ही नोंदी न्यायाधीशांपुढे गेल्या.

---

ग्रंथाली_मोरे

वाचतेय. असे धागे अजून यायला हवेत.

---

उंबरठा (सॅन होजे)

मी कौटुंबिक कायद्यात काम करते, म्हणून एक फरक स्पष्ट करते. मुलाचा वकील आणि कासा यांत लोक गोंधळतात. मूल पुरेसं समजतं असेल तर वकिलाने मुलाची इच्छा मांडायची असते. मूल म्हणालं "मला आईकडे जायचंय" तर वकील तेच मांडतो. कासा मुलाची इच्छा सांगतोच, पण त्यासोबत हित कशात दिसतं तेही स्वतंत्रपणे सांगतो. दोन्ही जुळतीलच असं नाही, म्हणूनच दोघं लागतात.

कॅलिफोर्नियात आणखी एक आहे. पालकांचा शिक्षणविषयक हक्क न्यायालयाने काढून घेतला तर तो कासाला देता येतो. मग शाळेच्या बैठकीत मुलाच्या बाजूने सही करणारा माणूस तोच. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना शाळा बदलतात, कागद मागे राहतात, मुलं एकच धडा तीनदा शिकतात आणि एक अजिबात शिकत नाहीत. शिक्षकी पेशातल्या मराठी मंडळींनी इथे जरूर यावं.

---

सायलीवेल

उंबरठा, शाळेच्या कागदांवरून आठवलं. माझ्या पहिल्या प्रकरणातल्या मोठ्या मुलाच्या तिसऱ्या शाळेतून निरोप आला की त्याला वाचता येत नाही, वर्गात चित्त नसतं, लक्ष न लागण्यावरच्या गोळ्यांसाठी तपासणी करावी. तोपर्यंत दोन केसवर्कर बदलल्या होत्या, तिसरं फॉस्टर घर होतं. मी पहिल्या शाळेतून मागवलेले जुने कागद चाळत बसले होते. परिचारिकेच्या एका ओळीत होतं, "चष्मा लावतो". चष्मा पहिल्या घरातून दुसऱ्या घरात जाताना पिशवीतून राहिला होता. दुसऱ्या घराला माहीतच नव्हतं की त्याला चष्मा आहे, आणि त्याने कुणाला सांगितलं नाही. मी विचारलं का नाही सांगितलंस, तर म्हणाला, "मला वाटलं या घरात देत नाहीत."

मेडिकेडवर (सरकारी आरोग्य विम्यावर) चष्मा दहा दिवसांत आला.

यात मी हुशारीचं काहीच केलं नाही. त्याच्या आसपासचं प्रत्येक माणूस बदललं होतं आणि मी बदलले नव्हते, एवढंच. केसवर्करना दोष देत नाही. त्यांच्या डोक्यावर किती मुलं असतात ते मी जवळून पाहिलंय.

---

तांबडफुटी (ऑस्टिन)

धागा चांगला चालू आहे म्हणूनच जरा टोचणारं विचारतो. सायलीताई, तुमच्याच राज्यातलं टेक्सस विद्यापीठाच्या संशोधकांचं काम २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. कासा नेमलेली आणि न नेमलेली सारखीच मुलं त्यांनी ताडून पाहिली. कासा असलेली मुलं स्वतःच्या घरी परतण्याचं प्रमाण कमी निघालं, दत्तक जाण्याचं जास्त. यावर टीका अशी की कासा होणाऱ्या बहुतेक बायका मध्यमवर्गीय, गोऱ्या, रिकामा वेळ असलेल्या. आणि ज्यांची मुलं काढली जातात त्यांत काळी आणि मूळनिवासी कुटुंबं त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने खूप जास्त. तुमचा फ्रीज तुमच्या पर्यवेक्षकांनी पकडला. ज्यांचा कुणी पकडत नाही त्यांचं काय?

---

सायलीवेल

तांबडफुटी, उत्तर द्यायला दोन दिवस घेतले. घाईत द्यायचं नव्हतं.

तो अभ्यास आमच्या वार्षिक प्रशिक्षणात मांडला होता. खोलीत शांतता पसरली होती. एकीने म्हटलं की कासा अवघड प्रकरणांनाच देतात म्हणून असं दिसत असेल. पण त्या लोकांनी ती शक्यता धरूनच तुलना केली होती, त्यामुळे त्याच्यामागे लपता येत नाही. मला तो अभ्यास खरा वाटतो, कारण माझ्या पहिल्या अहवालातलं ते वाक्य मला आठवतं. अशी पाचशे वाक्यं पाचशे अहवालांत गेली तर आकडे नेमके तसेच दिसतील.

मी काय करते ते सांगते. पुरेसं आहे असा दावा नाही.

इथे एक वर्षाचं घड्याळ असतं. मूल ताब्यात घेतल्यावर चौदा दिवसांत पहिली मोठी सुनावणी, साठ दिवसांत दुसरी, मग १८० दिवसांना आणि त्यानंतर दर १२० दिवसांना. वर्षभरात खटला निकालात निघाला पाहिजे, खास कारण असेल तर एकदाच १८० दिवस वाढवून मिळतात. शिवाय १९९७ चा केंद्राचा कायदा आहेच : बावीस महिन्यांपैकी पंधरा महिने मूल बाहेर राहिलं तर काही अपवाद सोडून सरकारने आईवडिलांचे हक्क संपवण्याचा अर्ज करायचा. मूल वर्षानुवर्षं अधांतरी राहू नये म्हणून हे केलं, आणि ते बरोबरही आहे. पण आईच्या बाजूने बघा. तिला पालकत्वाचे वर्ग, समुपदेशन, अचानक बोलावलेल्या नशेच्या चाचण्या, नोकरी, घर, आणि आठवड्यातून एकदा मुलांची भेट, हे सगळं बसने फिरून वर्षाच्या आत करायचं असतं.

पहिल्या प्रकरणात त्या आईने सहापैकी चार भेटी चुकवल्या होत्या. कागदावर हे फार वाईट दिसतं. भेट मंगळवारी दुपारी दोनला, तिची गोदामातली पाळी तीनला सुटायची. पाळी सोडली तर नोकरी जाते, आणि नोकरी नाही तर 'स्थिर उत्पन्न नाही'. मी अहवालात तिच्या पाळीचं वेळापत्रक जोडलं आणि शनिवारची भेट सुचवली. न्यायाधीशांनी तसा आदेश दिला. पुढच्या अकरा भेटींपैकी तिने एक चुकवली, तीही मुलीला ताप होता म्हणून फॉस्टर घराने रद्द केली.

आता माझ्या प्रत्येक अहवालात एक परिच्छेद ठरलेला असतो : मूल घरी जायला आज नेमकं काय अडवतंय, आणि त्यातलं काय आईच्या हातात आहे, काय नाही. हा परिच्छेद लिहिता आला नाही तर माझं काम झालेलं नाही असं मी धरते. आणि हो, दोन प्रकरणांत मी घरी पाठवू नका असंही लिहिलंय. त्यातल्या एकाचा विचार अजून मनातून जात नाही. पण तिथे डावीकडची बाजू पानभर होती.

म्हणून तुमच्या टीकेचा माझ्यापुरता अर्थ असा की वेगवेगळ्या घरांतून आलेली माणसं इथे हवीत. कमी पैशात घर चालवलेली, बसने फिरलेली, एकत्र कुटुंबात वाढलेली.

---

तांबडफुटी

मनापासून धन्यवाद. 'आईच्या हातात काय नाही' हा परिच्छेद सगळीकडेच सक्तीचा करायला हवा.

---

सह्यवारा (पुणे)

इकडचं लिहू का? मी जिल्ह्याच्या बालकल्याण समितीसमोर येणाऱ्या मुलांसोबत काही वर्षं काम केलं. बाल न्याय कायदा २०१५ नुसार अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती असते. महिन्यात किमान वीस दिवस बसायचं, आणि तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या खंडपीठाचे अधिकार असतात. सापडलेलं, पळून आलेलं, छळ झालेलं मूल चोवीस तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) समितीपुढे आणायचं. १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकावर आलेले फोनही शेवटी इथेच येतात.

आपल्याकडे बहुतेक मुलं बालगृहात जातात. फॉस्टर केअर कायद्यात आहे, पण कुटुंबं फार थोडी. आणि कासासारखा एकाच मुलाबरोबर शेवटपर्यंत राहणारा स्वयंसेवक नाही. सगळ्यात जवळचं म्हणजे पॉक्सोच्या खटल्यातली सपोर्ट पर्सन. तिला समिती नेमते आणि तपासापासून खटला संपेपर्यंत ती मुलासोबत असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये याबद्दल राज्यांना सूचना दिल्या आहेत. कुणाला पुण्यात, नागपुरात, कुठेही असं काम करायचं असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारा.

सायलीताईंचा फ्रीज वाचून मला आमचे सामाजिक तपासणी अहवाल आठवले. "घरची परिस्थिती हलाखीची आहे." हे एकच वाक्य मी शंभर अहवालांत वाचलं असेल, आणि थोडी वर्षं मीही लिहिलं. हलाखीची म्हणजे काय? छत गळतं? बाप दारू पितो? आई पहाटे पाचला भाजीच्या गाड्यावर जाते आणि मूल एकटं राहतं? तिन्हींवर उपाय वेगळे. तिसऱ्या आईला बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये आणि पाळणाघर मिळालं तर मूल घरीच राहील. ते वाक्य वाचून मात्र कुणालाही बालगृहच सुचतं.

---

सायलीवेल

सह्यवारा, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून वहीत ठेवलाय.

---

दोनखणी_घर (ह्यूस्टन)

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. आम्ही चार वर्षं फॉस्टर पालक होतो. आमच्याकडे आलेल्या एका मुलासाठी किती माणसं येत होती ते मी एकदा कॅलेंडरवर मोजलं : केसवर्कर, आमच्या संस्थेची केसवर्कर, वकील, थेरपिस्ट, शाळेतली समुपदेशक, कासा. पोरगं दाराची बेल वाजली की कपाटात जाऊन बसायचं. कारण त्याच्या अनुभवात बेल वाजली की बॅग भरायची असते.

कासाबाई पहिल्या भेटीत आल्या आणि स्वयंपाकघरात माझ्याबरोबर वाटाणे सोलत बसल्या. त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या महिन्यात तसंच. तिसऱ्या वेळी तो कपाटातून बाहेर येऊन वाटाणे सोलायला बसला. ही गोष्ट त्यांच्या अहवालात कशी लिहिली असेल कुणास ठाऊक, पण मी ती विसरणार नाही.

---

पाऊसवेडी

वाटाणे वाचून डोळे भरून आले.

सायलीताई, गुप्तता पाळायची म्हणजे घरी नवऱ्यालाही सांगायचं नाही ना? मग एखादा दिवस फार जड गेला तर तुम्ही काय करता?

---

सायलीवेल

हो, घरीही नाही. त्यासाठीच पर्यवेक्षक असते. मी रात्री साडेदहाला तिला फोन केलेला आहे. घरी आम्ही एक ठरवलंय : मी "आज कोर्ट होतं" एवढंच म्हणते, मग नवरा आमटी-भात टाकतो आणि काही विचारत नाही.

आणखी काही गोष्टी मनाविरुद्ध पाळाव्या लागतात. मुलाला आपल्या घरी आणायचं नाही. आमच्या कार्यक्रमात गाडीतून न्यायचंही नाही. मोठी भेटवस्तू नाही. दिवाळीत माझा हात फार शिवशिवतो. आणि कुठलंही वचन द्यायचं नाही, "तू आईकडे जाशील" हे तर कधीच नाही. मुलं विचारतात. मी सांगते, "ते न्यायाधीश ठरवतील. पण तू मला जे सांगशील ते मी त्यांना वाचून दाखवेन." पुढच्या भेटीत मी ते वाचलं का, याची खात्री करून घेतात.

---

उंबरठा

एक उत्सुकता. भारतीय असण्याचा कधी प्रत्यक्ष उपयोग झाला का?

---

सायलीवेल

झाला, आणि तो मी कधी विसरत नाही.

पहिल्या प्रकरणातली ती भावंडं वेगवेगळ्या घरांत ठेवली होती, दोघांना एकत्र घेणारं घर नव्हतं. नातेवाईकांचा शोध घेतला होता, आईकडचे सगळे विचारून झाले होते. मोठा खेळता खेळता म्हणाला, रविवारी आम्ही आँटकडे जायचो, ती केस विंचरून द्यायची. कागदांत एक आँट होती. तिने नकार दिलेला होता, म्हणून सगळ्यांनी तीच समजली. मला मात्र सवयीने पुढचा प्रश्न आला : आईची बहीण की बाबांची? आपल्याला मावशी, आत्या, काकू, मामी यांतलं कोण हे कळल्याशिवाय चित्रच डोळ्यापुढे येत नाही. तो म्हणाला, "डॅडीची सिस्टर."

बाप तुरुंगात होता. त्याच्याकडच्या माणसांपर्यंत कुणी पोहोचलंच नव्हतं. मी केसवर्करला त्याच संध्याकाळी कळवलं. आत्या दोन काउंटी पलीकडे राहत होती. मुलं फॉस्टर केअरमध्ये आहेत हे तिला माहीत नव्हतं, भाऊ बोलत नव्हता म्हणून वहिनीने संबंध तोडले असं ती धरून बसली होती. घराची तपासणी, बोटांचे ठसे, सगळं व्हायला नऊ आठवडे लागले. मग दोघं एका घरात आली. आईला वाढीव १८० दिवस मिळाले, तेव्हा मुलं आत्याकडेच होती, आणि शनिवारच्या भेटी आत्याच्या अंगणात व्हायला लागल्या.

शेवटच्या सुनावणीत खटला बंद झाला तेव्हा आई आणि आत्या एकाच बाकावर बसल्या होत्या. मुलं आईबरोबर घरी गेली. त्या दिवसापासून माझा आणि त्यांचा संबंध संपला. तो तसाच संपायचा असतो.

---

कडुलिंब

मी वर विरोधात लिहिलं होतं. अजूनही भीती आहेच. पण परवा आमच्या काउंटीच्या माहितीसत्राला नाव नोंदवलं. बघतो.

---

पाऊसवेडी

माझं प्रशिक्षण पुढच्या महिन्यात संपतंय, पार्श्वभूमी तपासणी झाली. पहिल्या भेटीला काय घेऊन जाऊ?

---

सायलीवेल

अभिनंदन! ऊनो पत्त्यांचा जोड घ्या, सगळ्या वयांना चालतो आणि पत्ते खेळताना डोळ्यांत बघावं लागत नाही. घरातल्या माणसांना आधी फोन करून जेवायची-झोपायची वेळ विचारून घ्या. "मी पुढच्या महिन्यात याच सुमारास येईन" हे निघताना सांगा, आणि मग त्याच सुमारास जा.

वही पर्समधून बाहेर काढू नका. गाडीत परत आल्यावर, निघायच्या आधी, आठवतंय तोवर लिहा. आधी डावी बाजू.